संकटाची तालीम

धार नगरीचे नाव निघाले की राजा भोजाची आठवण होते. त्याच्या नावावर असलेला ‘समरांगणसूत्रधार’ हा अकराव्या शतकातील वास्तुशास्त्राचा ग्रंथ. त्यातील एक संपूर्ण अध्याय यंत्रांना वाहिलेला असून, हलक्या लाकडाचा मोठा पक्षी करावा, त्याच्या पोटात पारा तापवावा आणि त्या बळावर मनुष्याने आकाशात संचार करावा, अशी कल्पना त्यात मांडली आहे. असा पक्षी खरोखर उडाला असे मानावयास कोणताही पुरावा नाही. ती मनुष्याच्या मनातील एक जुनी इच्छा होती आणि धारच्या राजसभेने तिला शब्द दिले, एवढेच म्हणता येईल. मात्र ती थोडीशी वर्णने वाचताना एक गोष्ट लक्षात येते. पक्षी वर कसा जावा ह्याचा विचार तेथे आहे. वर गेल्यानंतर पारा थंड झाला तर आत बसलेल्या मनुष्याने काय करावे, ह्याचा नाही.

आज धारचा किंवा देवासचा मनुष्य इंदूरला जातो, देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर विमानात बसतो आणि दोन घटकांत मुंबईस किंवा दिल्लीस उतरतो. पट्टा बांधताना त्याच्या मनात एक प्रश्न डोकावून जातो. तो प्रश्न कोणी मोठ्याने विचारीत नाही. ह्या विमानाचे एंजिन बंद पडले तर पुढे बसलेल्या वैमानिकाला काय करावयाचे ते ठाऊक आहे काय? आणि ठाऊक असेल, तर तो ते कोठे शिकला?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बैलगाडीवाला आख मोडल्यावर काय करावे हे आख मोडूनच शिकतो. मोटार चालविणारा घसरडा रस्ता एकदा अनुभवला म्हणजे दुसऱ्या वेळी जपून चालतो. संकट येते, थोडे नुकसान होते आणि शहाणपण पदरात पडते, हा व्यवहाराचा क्रम आहे. विमानाच्या बाबतीत हा क्रम चालत नाही, कारण येथे पहिल्याच धड्याची फी प्राणांनी भरावी लागण्याचा संभव असतो. त्यातून आणखी एक चमत्कारिक परिस्थिती निर्माण झाली आहे. जेट एंजिने आता इतकी भरवशाची झाली आहेत की, अनेक वैमानिक सबंध नोकरी संपवून निवृत्त होतात, पण उड्डाणात एंजिन बंद पडल्याचा प्रसंग त्यांच्यावर एकदाही येत नाही. प्रवाशांच्या दृष्टीने हे सुदैवच. परंतु विमाने जितकी सुरक्षित होत जातात, तितका संकटाचा प्रत्यक्ष अनुभव दुर्मिळ होत जातो. आणि ज्या दिवशी संकट येते, त्या दिवशी ते अनोळखी मनुष्याच्या दारात येते.

ह्यावर पूर्वी एक उपाय केला जाई. खरे विमान रिकामे वर न्यावयाचे आणि शिक्षकाने मुद्दाम एका एंजिनाची शक्ती काढून घ्यावयाची. शिकणाऱ्याने ते सावरावयाचे. ह्या उपायात केवढा धोका होता हे दिल्लीने पाहिले आहे. ८ मार्च १९९४ रोजी पालम विमानतळावर सहारा इंडिया एअरलाइन्सचे एक बोइंग ७३७ विमान असाच सराव करीत होते. विमानात एक शिक्षक-कॅप्टन आणि शिकणारे तिघे होते. जमिनीला टेकून पुन्हा वर जाताना एंजिन गेल्याचा बहाणा करण्यात आला आणि शिकणाऱ्याने चुकीच्या बाजूचे पेडल दाबले. विमान वळून कोसळले आणि तळावर उभ्या असलेल्या एरोफ्लोटच्या मोठ्या विमानावर जाऊन आदळले. विमानातले चौघे आणि जमिनीवरचे पाच असे नऊ जण गेले.

ही चूक समजून घेण्यासारखी आहे. दोन एंजिनांच्या विमानाचे उजवे एंजिन बंद पडले की डावे एकटेच ओढू लागते आणि विमानाचे नाक उजवीकडे फिरते. ते सरळ करावयाचे तर शेपटीवरील उभा पडदा, ज्याला रडर म्हणतात, तो डाव्या पायाने वळवावा लागतो. अशा वेळी जो पाय मोकळा, ते एंजिन गेले, असा एक साधा ठोकताळा वैमानिकांत आहे. घरी बसून हे वाचणाऱ्याला त्यात अवघड काहीच वाटणार नाही. परंतु जमीन शंभर-दोनशे फुटांवर आहे, विमान एका अंगाला झुकते आहे आणि हातात दोन-चार सेकंद आहेत, अशा वेळी डावे कोणते आणि उजवे कोणते हे आठवून चालत नाही. ते पायालाच ठाऊक असावे लागते. पायाला ठाऊक होण्यास पुस्तक पुरत नाही. तीच कृती शेकडो वेळा करावी लागते, आणि ती शेकडो वेळा चुकता येईल अशी जागा असावी लागते.

अशी जागा म्हणजे सिम्युलेटर.

आपल्याकडील मल्लांना ही कल्पना नवी वाटणार नाही. मल्लखांब हे मूळचे कुस्तीचे साधन. खांबाला प्रतिमल्ल मानावयाचे आणि त्याला पकडीत धरून, तिढे घालून, अंगात डाव मुरवावयाचे. चूक झाली तर मनुष्य खाली पडतो, पण कोणी छातीवर बसत नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा नावारूपास आणली. आज तर मल्लखांब हा मध्य प्रदेशाचा राज्यखेळ आहे. वैमानिकाचा सिम्युलेटर हा अशाच जातीचा एक खांब आहे. तो लाकडाचा नाही, इतकेच.

ह्या यंत्राचा जन्म मात्र आखाड्यात न होता वाद्यांच्या कारखान्यात झाला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅमटन ह्या गावी एडविन लिंक नावाचा तरुण होता. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. लिंकला उडण्याचा छंद होता, पण विमानशिक्षण फार महाग पडे. ऑर्गनमधील हवेचे भाते तो रोज हाताळीत असे. देवास हे संगीताचे गाव आहे; उस्ताद रजब अली खाँ आणि कुमार गंधर्व ह्यांचे वास्तव्य ह्या गावाने पाहिले. तेथील श्रोत्यांना पेटीचा भाता काय करतो हे निराळे सांगावयास नको. हवा भरली की तो फुगतो, काढून घेतली की बसतो. लिंकने एक लाकडी, तोकड्या पंखांचे खोके ह्या भात्यांवर बसविले आणि आतला दांडा हलविला की भाते फुगून-बसून खोके झुकेल, वळेल, नाक वर-खाली करील अशी योजना केली. हे यंत्र १९२९ च्या सुमारास तयार झाले. सुरुवातीस ते विकत घेतले जत्रेसारख्या करमणुकीच्या बागांनी! तेथे मुले पैसे देऊन त्यात बसत.

१९३४ साली अमेरिकेच्या सैन्यातील वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचे काम अचानक येऊन पडले. हिवाळ्याचे दिवस, रात्रीची उड्डाणे आणि ढगांतून केवळ यंत्रांकडे पाहून विमान चालविण्याची सवय नाही, असा तिहेरी प्रसंग. थोड्याच आठवड्यांत अनेक वैमानिक प्राणांस मुकले. तेव्हा लिंकच्या खोक्याची किंमत सैन्याला कळली आणि सहा यंत्रांची मागणी नोंदविण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात अशाच खोक्यांत बसून लाखो तरुण आंधळे उड्डाण शिकले. खेळणे म्हणून नाकारलेली वस्तू संकट आल्यावर शाळा ठरली, असा हा इतिहास आहे.

आजचा सिम्युलेटर हा त्या खोक्याचा फार मोठा वंशज. हैदराबाद, बंगळूर, गुरुग्राम अशा ठिकाणी हे सिम्युलेटर आहेत. उंच छताच्या दालनात सहा पायांवर उभे असलेले एक पांढरे घर, असे त्याचे बाह्य रूप. आत शिरले की खऱ्या विमानाचे कॉकपिट. तीच खुर्ची, तीच बटने, तेच दांडे. काचेपुढील पडद्यावर हव्या त्या विमानतळाची धावपट्टी, पाऊस, धुके, रात्र, हवे ते दिसते. सहा पाय लांब-आखूड होऊन त्या घराला पुढेमागे, डावीउजवीकडे, वरखाली सरकवितात, तसेच झुकवितात व फिरवितात. हे सर्व संगणकाच्या आज्ञेने होते, आणि वैमानिकाने जे केले त्याला खरे विमान ज्या प्रकारे उत्तर देईल त्याच प्रकारे हे यंत्र उत्तर देते.

येथे चौकस श्रोत्याला शंका येईल. विमान धावपट्टीवर वेग घेते तेव्हा पाठ खुर्चीत दाबली जाते, ती कित्येक सेकंद दाबलेली राहते. हे घर तर आपल्या पायांवर चार-पाच फूटही पुढे जाऊ शकत नाही. मग तो दाब येतो कोठून? ह्याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. यंत्र वैमानिकाला हळूच मागे कलते करते. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण त्याची पाठ खुर्चीत दाबते. डोळ्यांपुढे मात्र धावपट्टी समतल असून वेगाने मागे सरत असते. आपल्या कानाच्या आतील भागात ज्या सूक्ष्म नलिका शरीराचे वळणे ओळखतात, त्यांना फार मंद वळण कळत नाही. त्यामुळे मेंदू असा निष्कर्ष काढतो की, मी कललो नाही, मी वेगाने पुढे चाललो आहे. शरीराची एक उणीव हेरून तिचा असा उपयोग करून घेतला आहे.

पण ज्या उणिवेवर हे यंत्र चालते, तीच उणीव आकाशात प्राणघातक होते. १ जानेवारी १९७८ ची संध्याकाळ मुंबई अजून विसरलेली नाही. एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान सांताक्रूझहून दुबईस जाण्यासाठी निघाले. आत २१३ माणसे होती. विमान समुद्रावर आले. बाहेर काळोख, खाली काळे पाणी, क्षितिज कोठे ते दिसावयास मार्ग नाही. अशा वेळी वैमानिकाचा आधार म्हणजे समोरचे कृत्रिम क्षितिज दाखविणारे यंत्र. विमान किंचित उजवीकडे वळून पुन्हा सरळ झाले, परंतु कॅप्टनपुढचे यंत्र ते उजवीकडे कललेलेच दाखवीत राहिले. कॅप्टनने ते सावरण्यासाठी विमान डावीकडे कलविले, आणि आणखी कलविले. वास्तविक सरळ असलेले विमान अशा रीतीने डावीकडे कलंडत गेले आणि उड्डाणानंतर सुमारे शंभर सेकंदांत वांद्र्याच्या समुद्रात कोसळले. एकही मनुष्य वाचला नाही. विमान पूर्ण सुस्थितीत होते. बिघडले होते एक यंत्र. बाहेर अंधार असल्याने त्या यंत्राला खोटे पाडावयास डोळे असमर्थ होते, आणि शरीराची जाणीव तर अशा वेळी साक्षीदार म्हणून उपयोगाचीच नसते.

त्या विमानात कृत्रिम क्षितिजाची आणखी यंत्रे होती. खटल्यात तीन साक्षीदार असावेत, एकाची जबानी निराळी पडावी आणि न्यायाधीशाने नेमके त्याच्यावर विसंबून राहावे, असा हा प्रसंग. तिन्ही साक्षीदारांना विचारावे हे शांतपणी कोणालाही सुचेल. दहा-पंधरा सेकंदांच्या कोंडीत ते सुचावे ह्यासाठी तशी सवय लागलेली असावी लागते. म्हणून सिम्युलेटरवर शिक्षक यंत्रांना मुद्दाम खोटे बोलावयास लावतात. वेग दाखविणारे यंत्र अडकवितात, क्षितिज कलंडवितात आणि वैमानिक कोणावर विश्वास ठेवतो ते पाहतात. तो चुकला तर समुद्र पडद्यावर जवळ येतो, एक धक्का बसतो, दिवे लागतात आणि शिक्षक म्हणतो, “पुन्हा करू.” ‘सम्राट अशोक’मधील माणसांना हे दोन शब्द मिळाले नाहीत.

ही तालीम कशी चालते हे थोडक्यात सांगतो. भारतात प्रवासी विमानांच्या वैमानिकांना साधारणपणे दर सहा महिन्यांनी अशी परीक्षा द्यावी लागते. दोन वैमानिक आपापल्या खुर्च्यांत बसतात. मागे परीक्षक, त्याच्या पुढ्यात एक फलक. त्यावरून तो एंजिन पेटवू शकतो, चाके अडकवू शकतो, धूर काढू शकतो, केबिनमधील हवेचा दाब घालवू शकतो. ह्यांतला सर्वांत जुना आणि ठरलेला प्रसंग धावपट्टीवरचा. उड्डाणापूर्वी एक निर्णयवेग ठरविलेला असतो. त्या वेगाच्या आत काही बिघडले तर विमान थांबवावयाचे. तो वेग ओलांडल्यावर बिघडले तर थांबावयाचे नाही, कारण उरलेल्या धावपट्टीत विमान थांबणार नाही. उरलेल्या एका एंजिनावर वर जावयाचे, उंची गाठावयाची आणि मग बिघाडाचा विचार करावयाचा. मनुष्याचा स्वभाव ह्याच्या नेमका उलट आहे. मोठा आवाज झाला की पाय आपोआप ब्रेककडे जातो. सहा-सहा महिन्यांनी येणारी ही तालीम त्या पायाला शिस्त लावते.

तालमीचा दुसरा भाग यंत्राच्या बाहेर, साध्या टेबलाशी होतो, आणि माझ्या मते तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. तेथे नुकत्याच झालेल्या प्रसंगाची उजळणी होते. कोणी काय पाहिले, कोणी काय बोलले, कोण गप्प राहिला, हे एकेक करून काढले जाते. कारण प्रवासी विमान एक मनुष्य चालवीत नाही, दोघे चालवितात. आणि अनेक अपघातांत असे आढळले की, एकाला धोका दिसत होता, पण त्याचे बोलणे दुसऱ्यापर्यंत वेळेवर पोहोचले नाही.

७ ऑगस्ट २०२० ची कोळिकोडची दुर्घटना मराठी माणसाच्या मनात घर करून आहे. कोरोनाच्या साथीत अडकलेल्या भारतीयांना दुबईहून परत आणणारे एअर इंडिया एक्स्प्रेसचे ते विमान. कॅप्टन होते दीपक साठे. नागपूरच्या मराठी कुटुंबातले, पूर्वी वायुदलात अधिकारी असलेले, दीर्घ अनुभवाचे वैमानिक. डोंगरमाथ्यावरची धावपट्टी, मुसळधार पाऊस, मागून येणारा वारा. उतरण्याचा पहिला प्रयत्न सोडून दिल्यानंतर दुसऱ्या वेळी विमान धावपट्टीवर फार पुढे टेकले. धावपट्टी ८,८५८ फूट लांब आणि विमान टेकले सुरुवातीपासून सुमारे ४,४३८ फुटांवर, म्हणजे निम्मी जागा मागे पडली होती. विमान टोकावरून खाली घसरले. दोन्ही वैमानिकांसह एकवीस माणसे गेली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने म्हटले की, उतरण्याचा मार्ग स्थिर राहिला नसतानाही विमान उतरविण्यात आले आणि सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याविषयी म्हटले असताही तसे करण्यात आले नाही.

ह्या प्रसंगाकडे दोष देण्याच्या बुद्धीने पाहणे अनुचित होईल. दोघेही आपले कर्तव्य करताना गेले. पण त्यातून एक गोष्ट शिकावीच लागेल. हात कितीही तयार असला तरी, कनिष्ठाने स्पष्ट आवाजात ‘वर चला’ म्हणावे आणि ज्येष्ठाने ते ऐकताक्षणी, कारण न विचारता, पाळावे, ही तयारी वेगळी आहे. आपल्या समाजात वडीलधाऱ्यांना अडविणे सोपे नसते. घरात ही रीत शोभते. कॉकपिटमध्ये ती महाग पडते. मल्लखांबावर मनुष्य एकटा चढतो. सिम्युलेटरवर दोघांनी चढावयाचे असते, आणि एकाने दुसऱ्याला टोकण्याचीही तालीम तेथे व्हावी लागते. एंजिन बंद पाडणे हे परीक्षकाला सोपे आहे. कॅप्टनने मुद्दाम चूक करावी आणि सहवैमानिक किती सेकंदांत, कोणत्या शब्दांत बोलतो ते पाहावे, हा धडा अवघड, पण तितकाच अगत्याचा.

इतके सांगितल्यावर ह्या यंत्राच्या मर्यादाही सांगणे प्राप्त आहे. नाही तर हे व्याख्यान जाहिरात ठरेल.

पहिली मर्यादा अशी की, यंत्र तेवढेच शिकविते जेवढे आपण त्यात घातले आहे. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे विमान अटलांटिक महासागरावर असताना वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ जमला आणि स्वयंचालक यंत्रणा सुटली. वैमानिकाने नाक वर उचलले, पंखांची उचलून धरण्याची शक्ती गेली आणि विमान सुमारे साडेतीन मिनिटे खाली येत राहून समुद्रात पडले. २२८ माणसे गेली. पंखांची शक्ती पूर्ण गेलेल्या अवस्थेत विमान कसे वागते, हे त्या काळच्या सिम्युलेटरांत नीट दाखविलेच जात नसे. त्यानंतर अनेक देशांनी नियम बदलले, यंत्रांतील गणिते वाढविण्यात आली आणि भलत्या अवस्थेत गेलेले विमान सावरण्याचे शिक्षण सुरू झाले. पण त्यासाठी आधी २२८ जणांना जावे लागले, हे विसरता येत नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. चुकीचा धडाही हे यंत्र तितक्याच उत्तम रीतीने शिकविते. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या एका विमानाचा शेपटीचा उभा भाग हवेतच तुटला आणि जमिनीवरच्या पाच जणांसह २६५ माणसे मेली. पुढच्या विमानाने मागे सोडलेल्या हवेच्या भोवऱ्यात हे विमान सापडले होते. भोवरा साधाच होता, पण वैमानिकाने रडरची पेडले जोराने डावीउजवीकडे दाबली व त्या ताणाने शेपूट गेली. चौकशीत जी कारणे पुढे आली त्यांत कंपनीच्या प्रशिक्षणक्रमाचाही वाटा दाखविण्यात आला. तेथील सिम्युलेटरवरच्या एका धड्याने वैमानिकांच्या मनात रडरच्या वापराविषयी चुकीची समजूत रुजविली असावी, असे निष्पन्न झाले. खांब वाकडा रोवला तर डावही वाकडाच बसतो.

तिसरी मर्यादा मनुष्याच्या मनाची. सिम्युलेटरमध्ये शिरणाऱ्याला ठाऊक असते की, आज काहीतरी बिघडणार. आकाशात तसे ठाऊक नसते. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांच्या थव्याने एका विमानाची दोन्ही एंजिने निकामी केली आणि कॅप्टनने ते हडसन नदीत उतरविले. सर्व १५५ माणसे वाचली. पुढे चौकशीत हाच प्रसंग सिम्युलेटरवर करून पाहिला. एंजिने गेल्याक्षणी मागे वळल्यास विमानतळ गाठता येई, असे काही प्रयत्नांत दिसले. मग चौकशी करणाऱ्यांनी परिस्थिती समजून निर्णय घेण्यास मनुष्याला लागणारी पस्तीस सेकंदे हिशेबात धरली. तेव्हा मात्र विमान धावपट्टीपर्यंत पोहोचेना. त्या पस्तीस सेकंदांत मनुष्य चकित होतो, अविश्वास करतो, मग भानावर येतो. खोलीत बसून टीका करणाऱ्याला ही सेकंदे दिसत नाहीत.

तालमीने ही सेकंदे नाहीशी होत नाहीत. ती कमी होतात. किंबहुना सिम्युलेटरचे सारे मोल त्या कमी झालेल्या सेकंदांत आहे. प्रत्येक संकट आधीच करून पाहिलेले असणे अशक्य आहे, आणि उद्याचे संकट कालच्या यादीत नसणार हे जवळजवळ निश्चितच. परंतु ज्याने यंत्रात बसून वीस वेळा गोंधळून पाहिले आहे, तो एकविसाव्या वेळी आपला गोंधळ ओळखतो. आधी विमान सांभाळावे, मग दिशा पाहावी, मग बोलावे, हा क्रम त्याच्या हातांनी धरलेला असतो. उरलेले डोके नव्या गोष्टीचा विचार करण्यास मोकळे राहते.

म्हणून ह्या तालमीविषयी आपण, तिकीट काढणाऱ्यांनीही, थोडे जागरूक असावे. हे यंत्र अतिशय महाग, त्याचा प्रत्येक तास महाग, आणि तेथे असलेला वैमानिक तेवढा वेळ प्रवासी वाहून नेत नाही. काटकसरीचा पहिला मोह अशाच ठिकाणी होतो. तेच ठराविक प्रसंग, त्याच ठराविक क्रमाने, उत्तीर्ण-अनुत्तीर्णाचा कागद भरण्यापुरते करून घेतले, तर नियम पाळला जाईल आणि शिक्षण होणार नाही. धार-देवासकडचा एखादा मुलगा किंवा मुलगी वैमानिक होण्याचे स्वप्न पाहत असेल, तर त्यांच्या आईवडिलांनी संस्थेची जाहिरात पाहताना दोन प्रश्न जरूर विचारावेत. येथे सिम्युलेटरचे किती तास मिळतात? आणि चूक केल्यावर शिक्षक काय करतो; गुण कापतो, की पुन्हा करून घेतो? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याहून अधिक सांगून जाईल.

भोजराजाच्या ग्रंथातला लाकडी पक्षी उडाला नाही. आपले पक्षी रोज उडतात आणि बहुधा निर्वेध उतरतात. त्यामागे अशा असंख्य रात्री आहेत की, एखाद्या बंद दालनात, जमिनीपासून काही हात उंचीवर, दोन माणसे घामाघूम होऊन एक विमान वाचवीत असतात आणि वाचवू शकत नाहीत. दिवे लागतात. कोणी मेलेले नसते. ती दोघे कपाळ पुसतात, चूक कोठे झाली ते ऐकून घेतात आणि पुन्हा आपापल्या खुर्चीत बसतात. इंदूरच्या धावपट्टीवर पट्टा बांधून बसलेल्या प्रवाशाला त्यांची नावे कळत नाहीत, आणि त्यांनी त्याच्यासाठी किती वेळा बुडून पाहिले तेही कळत नाही.